गड आला, पण ही गेली

आमच्या खिडकीतून सिंहगड दिसतो, हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा उच्चारलंय की परवा गॅस सिलिंडरवाल्यानं "काका, ओटीपी सांगा" म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून आधी सिंहगड निघाला आणि मग ओटीपी.

यात माझा दोष नाही. फ्लॅट घेताना त्या गडाचे मी वेगळे पैसे मोजलेत. चौथ्या मजल्यापर्यंत समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते आणि सातव्यावरून सिंहगड दिसतो, असा हिशेब सांगून बिल्डरनं दर मजल्याला भाव चढवत नेला होता. गड महाराजांचा, लढले मावळे, पैसे घेतले बिल्डरनं. बरं, वस्तू अशी की ती ना चटईक्षेत्रात मावते, ना करारनाम्यात लिहिलेली असते, ना मेन्टेनन्समध्ये पुसली जाते. सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि हात लांब केला तर दोन बोटांमागे झाकली जाते. तरीही पाहुणे आले की चप्पल काढायच्या आत मी त्यांना खिडकीपाशी नेतो. पाणी नंतर.

हा सगळा आनंद ज्यांना देखवत नाही असे गृहस्थ म्हणजे आमचे साडू. त्यांच्या मते पुणे नळस्टॉपला सुरू होतं आणि डेक्कनला संपतं. त्यापलीकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडे ते बारशाला आणि बाराव्याला जातात, मधलं काही असेल तर फोन करतात. नव्या घराचं मी त्यांना कौतुक सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सिंहगड रोडवर राहणाऱ्या प्रत्येकालाच सिंहगड दिसतो म्हणे. लक्ष्मी रोडवरच्यांना लक्ष्मी दिसते का हो?" मेव्हणी खळखळून हसली. मी हसलो नाही. त्यावर ते म्हणाले, "बरं, फोटो पाठवा. मग बघू."

इतकं साधं काम. मी मनात म्हटलं, उद्याच पाठवतो.

नुसता गडाचा फोटो पाठवून भागणार नव्हतं. तो कुणीही इंटरनेटवरून उचलेल. पंचनाम्यात घटनास्थळ आणि पंच दोन्ही लागतात. म्हणून आमची खिडकी, खिडकीत उभी असलेली ही आणि हिच्या खांद्याशेजारी सिंहगड, असं सगळं एकाच चौकटीत यायला हवं होतं. रविवार होता. पाऊस नुकताच सरला होता, हवा धुऊन निघाली होती, सकाळचे अकरा वाजले होते. ही चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिली. मुलीनं वापरून टाकलेला आणि वारसाहक्काच्या उलट्या दिशेनं माझ्याकडे आलेला फोन मी समोर धरला आणि बटण दाबलं.

गड लख्ख आला. उतार आला, कडा आला, माथ्यावरचा टीव्हीचा मनोरासुद्धा सुईसारखा आला. फक्त जिथं ही उभी होती, तिथं हिच्या आकाराचा अंधार होता. नाक नाही, डोळे नाहीत, कुंकू नाही. हातातला कपही कोळशाचा.

इतिहासाचं प्रेम आणि विनोदाची हौस माणसाच्या अंगात एकाच वेळी संचारली की घरात काय घडतं, ते पुढे ऐका. मी तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि उभ्या महाराष्ट्राला पाठ असलेल्या वाक्याला किंचित मुरड घालून खाली लिहिलं, 'गड आला, पण ही गेली!' पाठवलं आणि आंघोळीला गेलो.

सांगलीच्या मावशींच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरत नाहीत. डेटा जातो म्हणून त्यांनी ती सोय बंद करून ठेवलीय. मजकूर तेवढा उतरतो. तो उतरला. मी डोक्यावर तांब्या ओतत असताना माझा फोन वाजला आणि हिनं उचलला.

"अगं बाई, कधी झालं हे?" पलीकडून मावशी रडत होत्या. "काल तर हळदीच्या लोणच्याचं विचारत होती गं! कोण बोलतंय? शेजारच्या का तुम्ही?"

"मावशी, मीच बोलतेय."

बराच वेळ काही आवाज नाही. मग मावशी घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "मग गेलं कोण?"

मी बाहेर आलो तेव्हा ही फोन हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "अहो, मी गेले हे मावशीला कळवलंत ते बरंच केलंत. पण निदान मला तरी आधी सांगायचं होतं." आणि फोटोकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "तोंड काळं कर असं नुसतं म्हणतात. तुम्ही करूनच दाखवलंत."

दुपारी चूक सुधारायला बसलो. फोनच्या पडद्यावर ज्याच्यावर बोट ठेवाल त्याच्या बाजूनं निकाल लागतो, एवढं ज्ञान मला होतं. या वेळी मी हिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. चेहरा उजळला, कुंकू आलं, कपावरची फुलं आली, इतकंच नाही तर मागच्या कोपऱ्यातलं जळमटही आलं, जे हिनं पुसलंय असं मला सांगितलं होतं. पण खिडकी पांढरीफटक. त्यात गड नाही, आभाळ नाही, काही नाही. तरी मी मोठ्या आशेनं साडूंना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'खिडकीत चादर वाळत घातलीय का? सिंहगड कुठाय?'

मराठीत फोटोला दोन शब्द आहेत, छायाचित्र आणि प्रकाशचित्र. एकाच वस्तूला दोन शब्द कशाला, हा प्रश्न मला शाळेपासून होता. त्या रविवारी उत्तर मिळालं. सकाळी काढलं ते छायाचित्र, त्यात हिची छाया आली. दुपारी काढलं ते प्रकाशचित्र, त्यात नुसता प्रकाश आला. दोन्ही एकत्र येतील अशा चित्राला मराठीत शब्दच नाही, आणि शब्द का नाही हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

माझा एक पुतण्या लग्नाचे फोटो काढतो. त्याला बोलावलं. तो आला, खिडकीकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि डॉक्टर एक्स-रे पाहून जसा सुस्कारा टाकतात तसा सुस्कारा टाकला. "काका, इथं नऊ स्टॉपचा फरक आहे."

"म्हणजे पीएमटीनं किती वेळ लागेल?"

त्यानं समजावून सांगितलं. उजेड दुप्पट झाला की तो एक स्टॉप. बाहेरच्या उन्हात ढोबळमानानं एक लाख लक्स उजेड असतो आणि खिडकीपासून चार पावलं आत आमच्या खोलीत जेमतेम दोनशे. म्हणजे पाचशे पट. मी चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत. स्टॉप कळला नसता, पण दामदुप्पट मला झोपेतही कळतं. दोन, चार, आठ, सोळा असं बोटांवर मोजत गेलो तर नवव्या दामदुप्पटीला पाचशे बारा आले. त्यात आतल्या आत हिच्या काळ्या केसांपासून पांढऱ्या कपापर्यंत चार-पाच स्टॉप वेगळेच. बाहेरचं आणि आतलं एकाच दमात गिळायला माझ्या फोनचं पोट पुरत नव्हतं. तो एक घास घेई आणि दुसरा टाकून देई.

"पण मला तर दोन्ही दिसतंय! इथं उभा राहून गडही दिसतो आणि काकूही!"

"तो डोळा आहे, काका. डोळा फसवतो."

हे मला मुळीच पटलं नाही. डोळा फसवत नाही, सांभाळून घेतो. बाहुली दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत लहानमोठी होते. क्षेत्रफळाच्या हिशेबानं सोळा पट, म्हणजे चार दामदुप्पटी तिथंच निघाल्या. उरलेलं डोळ्यामागचा पडदा आणि मेंदू यांनी वाटून घ्यायचं. नजर गडाकडे गेली की बाहुली आखडते, हिच्याकडे वळली की सैल सुटते, आणि मेंदू या दोन वेगवेगळ्या वेळच्या पावत्या एकाच फायलीला लावून टाकतो, वर तारीखही घालत नाही. आमच्या शाखेतला जुना हेडक्लार्क नेमका असा होता. ग्राहक खूश, ताळेबंद जुळलेला, कसा जुळला ते विचारायचं नाही.

कॅमेरा म्हणजे नवा लागलेला ऑडिटर. जे काही आहे ते याच क्षणी आणि एकाच मापानं मोजणार. त्याच्या पोटातल्या मीटरची समजूतही अशी की समोरचं जग सरासरीनं राखाडी असतं, पडलेल्या उजेडापैकी अठरा टक्के परत फेकणारं. अठरा टक्के हा आकडा जीएसटीनंतर मला इथंच भेटला. चौकटीत खिडकी मोठी असली की ऑडिटर म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. मग ही अंधारात. खोली मोठी असली की म्हणतो, उजेड कमी पडतोय, वाढवा. मग गड उन्हात विरघळला. सरासरीच्या कारभारात माणसं अशीच नाहीशी होतात.

मला वाटायचं, हा त्रास आमच्या सातव्या मजल्याचाच. पण थोडं वाचल्यावर कळलं की फोटोग्राफीचा जन्मच खिडकीत झालाय. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात निसेफोर निएप्स नावाचे गृहस्थ होते. १८२६-२७ च्या सुमाराला त्यांनी आपल्या गावच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेरच्या छपरांचा फोटो घेतला. कॅमेऱ्याने टिपलेला आणि आजवर टिकलेला जगातला सगळ्यात जुना फोटो तो. फिल्म वगैरे नव्हतीच. कथलाच्या मिश्रधातूचा वहीएवढा पत्रा आणि त्यावर एका जातीच्या डांबराचा लेप. उजेड लागेल तिथं डांबर घट्ट व्हायचं, बाकीचं धुऊन जायचं. याला किमान आठ तास लागले. काही जाणकार तर कित्येक दिवस म्हणतात. तेवढ्या वेळात सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, म्हणून त्या फोटोत समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आहे. उजेड आणि सावलीचा तंटा निएप्सनी सूर्यालाच दिवसभर हिंडवून मिटवला. आणि मुख्य म्हणजे त्या चौकटीत खोलीच्या आतलं त्यांनी काही येऊ दिलं नाही. हुशार माणूस. बायकोला आठ तास कप धरून उभी करणं काही त्या काळीही जमलं नसतं.

इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये उलटा प्रयोग केला. लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्यात बसून त्यांनी आतून थेट खिडकीवरच कॅमेरा रोखला. निघाली ती पिटुकली निगेटिव्ह, त्यामुळे उजेडाच्या जागी काळं आणि काळ्याच्या जागी उजेड. भिंगातून पाहिलं तर खिडकीची सुमारे दोनशे तावदानं मोजता यायची, असं त्यांनी अभिमानानं लिहून ठेवलंय. तावदानांपलीकडच्या देखाव्याबद्दल मौन. ज्या छोट्या लाकडी पेट्यांनी ते फोटो घ्यायचे आणि घरभर ठेवून द्यायचे, त्यांना त्यांची बायको कॉन्स्टन्स 'उंदराचे पिंजरे' म्हणायची. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. दोनशे वर्षांत कॅमेऱ्याची किती प्रगती झाली, पण फोटो काढणाऱ्याला घरात मिळणारा मान जिथल्या तिथं राहिलाय.

पुतण्यानं पहिला उपाय सांगितला तो फ्लॅशचा. "काका, बाहेरचं ऊन आपल्या हातात नाही. आतलं वाढवणं आहे. बाहेरचा उजेड शटरनं आवरायचा आणि आतला फ्लॅशनं द्यायचा." तत्त्व उत्तम होतं. तो गेल्यावर मी उत्साहानं फोनचा फ्लॅश चालू केला आणि हिच्यावर सोडला. हिनं डोळे मिटले, आणि मागच्या काचेत दुसरा सूर्य उगवला. बरोबर गडाच्या माथ्यावर. फोनच्या फ्लॅशनं चौदा किलोमीटरवरचा गड उजळत नाही, हे मलाही कळतं. अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथाई होतो, तो आमच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ. पण समोरच्या काचेनं तो जसाच्या तसा परत पाठवला.

मग फ्लॅश बंद करून घरातले दिवे लावले. फोटो बराच सुधारला. ही दिसली, गड पुसट का होईना दिसला, आणि गडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमची चार फुटी ट्यूबलाइट आडवी लटकलेली दिसली. सांगलीच्या मावशींनी एव्हाना फोटो उतरवायची सोय चालू केली होती. त्यांनी विचारलं, 'गडावर लाइट कधी आली?'

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काच उघडा ना." आता स्लायडिंगच्या खिडकीचं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्यात काच, काच आणि मच्छरजाळी अशा तिघी जावा एकाच रुळावर नांदत असतात. दोघींना बाजूला सारलं की तिसरी पुढे येते. त्यापलीकडे ग्रिल. गडाला ग्रिलच्या गजाआड पाहून मला अपराध्यासारखं झालं. फोन दोन गजांच्या मधोमध धरावा तर ही चौकटीबाहेर, आणि ही चौकटीत घ्यावी तर गड जेलमध्ये.

दुसरा उपाय थर्माकोलचा. सिनेमावाले उजेड परतवून माणसाच्या तोंडावर पाडायला थर्माकोलचा पांढरा पत्रा वापरतात, अशी माहिती पुतण्यानं दिली. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण त्याच्या आधीचं आमचं गणपतीचं मखर माळ्यावर जसंच्या तसं होतं. मी त्याची पाठची भिंत सोडवली आणि कॉटवर उभा राहून ती दोन्ही हातांनी तिरकी धरली. खिडकीचं ऊन तिच्यावर आदळून हिच्या तोंडावर पडलं. खरोखर पडलं! फक्त त्या भिंतीवर मी स्वतः गुलाबी चमकी चिकटवली होती हे विसरलो होतो. हिचा अर्धा चेहरा गौरीसारखा गुलाबी झाला आणि चमकीचा सडा चहात. शिवाय दोन्ही हात मखरात गुंतल्यावर फोटो कुणी काढायचा, हा प्रश्न कॉटवर उभं राहिल्यानंतर सुचला.

मग तिसरा आणि रामबाण उपाय. पुतण्या तिकाटणं घेऊन आला. कॅमेरा हलू द्यायचा नाही, एकापाठोपाठ तीन फोटो घ्यायचे. एक गडासाठी, एक हिच्यासाठी, एक मधला. मग संगणकावर तिघांतलं चांगलं तेवढं उचलायचं. मला वाटलं, कलियुगातली लबाडी. पण नाही, हीदेखील जुनीच. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापली होती, कारण तेव्हाही एका दमात दोन्ही येत नव्हतं. म्हणजे डोळ्याचा तो जुना हेडक्लार्क आता यंत्रात नोकरीला लागला. वेगवेगळ्या पावत्या, एकच फाइल.

अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत माणसानं हलायचं नाही. ही पुतळ्यासारखी उभी राहिली. पहिला झाला, दुसरा झाला, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा हा हिचा तीस वर्षांचा नेम आहे, त्यापुढे कला नाही. मान वळली. जोडलेल्या फोटोत हिला दोन नाकं आली, एक माझ्याकडे पाहणारं आणि एक स्वयंपाकघराकडे. पुन्हा घेतले. या वेळी जमलं. गड आला, ही आली, आभाळातले ढगसुद्धा आले. पुतण्यानं उत्साहाच्या भरात संगणकावरच्या सगळ्या कळा शेवटपर्यंत सरकवल्या. गड पोपटी झाला, आभाळ जांभळं झालं, जळमट पुन्हा आलं, आणि हिच्या डोक्याभोवती कॅलेंडरातल्या देवीसारखं तेजोवलय उमटलं.

"हे मात्र छान आहे हो," ही म्हणाली.

मी फोटो साडूंना पाठवला. सावली म्हणून कुठं ठेवलीच नव्हती, संशयाला जागा कुठून राहणार? उत्तर आलं, 'पडदा मस्त. कुठल्या स्टुडिओत काढला? माझ्या मुंजीच्या वेळी असाच ताजमहालचा होता.'

आणि खरं सांगतो, फोटो पुन्हा नीट पाहिल्यावर मलाच शंका यायला लागली. जुन्या स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढं उभं राहावं तशी ही दिसत होती. बाहेरचं बाहेर वाटत नव्हतं आणि आतलं आत वाटत नव्हतं. सगळीकडे सारखाच उजेड पाडला की गड भिंतीवर येऊन चिकटतो. मी फोन उशीखाली टाकला आणि जाहीर केलं की आमच्या खिडकीतून सिंहगड दिसत नाही, विषय संपला.

तेव्हा ही म्हणाली, "मला एक कळत नाही. तुम्ही हे सगळं भर अकरा वाजता का करता?"

"मग कधी करायचं?"

"मी रोज दिवा लावते तेव्हा दोन्ही नीट दिसतं. घर पण आणि गड पण. तिन्हीसांजेला. तुम्ही तेव्हा बातम्या बघत असता." आणि भाजी निवडता निवडता पुढे म्हणाली, "दुपारी बारा वाजता उजेड पाडायला निघालेत."

तीन आठवडे, एक पुतण्या, एक तिकाटणं आणि एका मखराची भिंत खर्ची घातल्यावर हे मला कळलं. इतकी वर्षं घरातला दिवा हीच लावते, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. सूर्यास्त सहा वाजून एक मिनिट. आजवर ही वेळ कशासाठी छापतात ते मला माहीत नव्हतं. मी पावणेसहालाच काच सरकवून, जाळी सरकवून, ग्रिलच्या सगळ्यात रुंद फटीत नेम धरून बसलो. घरातली ट्यूब काचेत दिसेल म्हणून बंद ठेवली. हिच्या पाठीमागचा पिवळा दिवा तेवढा लावला. खिडकी उघडी आणि वेळ तिन्हीसांजेची, त्यामुळे डास आले. कलेसाठी रक्त सांडावं लागतं म्हणतात, ते अशा अर्थानं असेल असं वाटलं नव्हतं.

सहा वाजता बाहेरचा उजेड अजून जिंकत होता. सहा पाचला चुरस होती. सूर्य गेल्यावर बाहेरचा उजेड साधारण दर तीन मिनिटांनी निम्मा होत जातो. दामदुप्पट उलट्या पावलांनी चालायला लागते. घरातला दिवा मात्र जागचा हलत नाही. तो वाट बघत बसतो. ज्याला मी रोज अकरा वाजता फ्लॅशनं, थर्माकोलनं आणि संगणकानं वर ओढत होतो, त्याच्या पातळीला बाहेरचं सगळं आभाळ आपणहून खाली उतरत होतं. सहा बाराला दोन्ही पारडी समोरासमोर आली. गडामागं आभाळ पिकल्या पपईच्या रंगाचं, वर चढत निळं. गड गर्द निळा, एकाच रेषेचा, मनोऱ्यासकट. आणि खिडकीच्या अलीकडे ही, निरांजनात तेल घालताना. एका गालावर वातीचा पिवळा उजेड, दुसऱ्या गालावर खिडकीचा निळसर, आणि नाकाच्या पलीकडे थोडी सावली.

दाबलं बटण. त्याच जुन्या फोनचं.

आणखी आठ मिनिटांनी काढून पाहिला तर उलटाच प्रकार. ही झगझगीत, खिडकीत काळं मिट्ट. ही आली, पण गड गेला. म्हणजे सगळा खेळ दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांना मराठीत दिवेलागण असं नाव आहे, वेळ कॅलेंडरात छापलेली आहे, आणि तरी मी ती नऊ स्टॉपांत शोधत होतो.

पुतण्या फोटो पाहून म्हणाला, "एक नंबर, काका! काकूंच्या डाव्या गालावरची सावली तेवढी उचलून देतो." ही घाईघाईनं म्हणाली, "राहू दे बाबा. त्या बाजूची दाढ सुजलीय." मला नवी विद्या मिळाली. सावली काढून टाकायची नसते, कुठं ठेवायची ते ठरवायचं असतं.

साडूंना पाठवला. या वेळी दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, 'रविवारी येतो.'

आले. दुपारी चार वाजता, मेव्हणीसह, नळस्टॉपच्या सीमेबाहेर. चप्पल काढली आणि न सांगता खिडकीशी गेले. बराच वेळ पाहत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "लहान आहे." मग खिशातून नवा फोन काढला. या फोनची किंमत ते दर पंधरा मिनिटांनी सांगतात. त्यात चेहरा आपोआप उजळ करायची सोय आहे आणि ती ते कधीच बंद करत नाहीत. खिडकीकडे पाठ करून, हात लांब करून, हनुवटी वर करून त्यांनी स्वतःचा फोटो काढला आणि 'सिंहगडाच्या साक्षीने' असं लिहून ग्रुपवर टाकला.

मी पाहिला. साडू दुधानं धुतल्यासारखे गोरे आले होते. मागची खिडकी त्यांच्याहून गोरी.

पहिलं उत्तर सांगलीहून आलं. 'जावईबापू, कुठल्या दवाखान्यात आहात? मागं पांढरी चादर दिसतेय. कुणी आहे का जवळ?'

साडूंचा चेहरा उतरला, नेमका किती स्टॉप ते मी आता सांगू शकतो. माझ्यातला सज्जन माणूस जागा झाला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अहो, ही वेळच चुकीची आहे. आता काढू नका. सव्वासहापर्यंत थांबा. असा फोटो येईल की बघत राहाल."

"थांबू या की," साडू म्हणाले आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले.

सव्वासहा म्हणजे आधी चहा, मग पोहे. आणि दिवेलागणीला घरात असलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय कसं पाठवणार? स्वयंपाकघराच्या दारातून ही माझ्याकडे पाहत होती. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे चेहरा पूर्ण अंधारात होता. तरीही त्यावर काय लिहिलं होतं, ते मला अगदी स्वच्छ वाचता आलं.